आईच्या नावावरची गाडी

पंचवीस वर्षांची होईपर्यंत मला गाडी चालवायचं लायसन्स मिळणार नाही. कायदाच तसा आहे. माझ्याबरोबरीच्या सगळ्या जणी दौंडच्या रस्त्यानं आपापल्या गाड्या पळवतात आणि मी कोणाच्या तरी मागं बॅग पोटाशी धरून बसते. नवीन ओळखीचं कोणी विचारतं, "तुला येत नाही का गं?" मग काय सांगावं हेच मला कळत नाही. कारण मला उत्तम येते. वाळूत, चिखलात, उसाच्या सरीतून, कुठूनही काढते. पण सांगायला बसले तर बाटल्यांपासून सांगावं लागतं, आणि बाटल्या म्हटलं की ऐकणाऱ्याचं तोंड बदलतं.

तेव्हा मी अकरावीत होते. भांडगावच्या बाहेर, हायवे सोडून आत वळलं की आमचं घर आणि घरामागं ऊस. घरात आई, आप्पा आणि मी. आप्पा म्हणजे माझे वडील. कॉलेजला जायला म्हणून त्यांनी स्कूटी घेतली. मी सोळा वर्षांची आहे आणि लायसन्स अठराला मिळतं, हे शोरूमवाल्यालाही माहीत होतं आणि आप्पांनाही, पण आमच्याकडं ह्या गोष्टीचा कोणी विचार करत नाही. कॉलेजच्या झाडाखाली तसल्या गाड्यांची रांगच लागलेली असायची.

गाडी आईच्या नावावर घेतली. बाईच्या नावावर असली की बरं असतं, असं शोरूमवाला म्हणाला आणि आप्पांना ते पटलं. काय बरं असतं ते दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही. आईला बोलावून आणलं, तिनं जिथं बोट ठेवलं तिथं सही केली, पेढा खाल्ला आणि ती घरी येऊन भाकरीला बसली. मागच्या बाजूला आप्पांनी पिवळ्या रंगात "आईची पुण्याई" असं लिहून घेतलं. आईनं त्या गाडीचं हँडल कधी हातात धरलं नव्हतं. चावी आप्पांच्या शर्टाच्या खिशात, कंगव्याशेजारी. कॉलेजला जाताना मी हात पुढं करायचा, त्यांनी खिशातून चावी काढून द्यायची, आल्यावर परत तिथंच. अंघोळीला जाताना ते शर्ट खुंटीला अडकवायचे, पण चावी काढून सोबत न्यायचे. आम्ही दोघी त्यावरून हसायचो.

आता बाटल्यांचं. आमचा ऊस पाटसच्या कारखान्याला जातो. तोडायला टोळी येते, मराठवाड्यातून, बायकापोरांसकट, आणि पाटाच्या कडेला कोप्या घालून राहते. ज्याच्या फडात टोळी शिरणार त्यानं आदल्या दिवशी टोळीच्या मुकादमाला कोंबडी आणि बाटली पोचवायची, अशी रीत पडून गेली आहे. कोणी पाडली, कोणाला आठवत नाही. नाही दिली तर टोळी शेजाऱ्याच्या फडात जाते आणि आपल्या उसाला तुरे येऊन वजन घटत बसतं, असं सगळे म्हणतात. आमच्या उसाला त्या वर्षी तुरे आलेच होते, आणि आप्पांची झोप उडाली होती.

खरी गंमत अशी, की आमच्या घरात दारूचा थेंब येत नाही. आम्ही बौद्ध. रविवारी सकाळी विहारात पंचशील म्हणतो, त्यातलं पाचवं शील दारूपासून लांब राहण्याचं. आप्पांचा आवाज मोठा, त्यामुळं सगळे त्यांच्या मागून म्हणतात. त्या दिवशी मी बाटल्यांकडं बघून त्यांच्याकडं बघितलं, तर ते म्हणाले, "आपून थोडंच पेनार हाय? ह्यो काय, डिझेलवानी खर्च."

स्वतः ते जाणार नव्हते. मागच्या आठवड्यात शेजारच्या चुलत्यांना मोटारसायकलवर अडवून पोलिसांनी बाटल्यांची पिशवी काढून घेतली होती. त्यावर आमच्या ओट्यावर मोठी चर्चा झाली आणि सगळ्या बाप्यांचं एकमत झालं, की पोरींना पोलीस अडवत नाहीत. पोरीच्या डिकीत कोण कशाला हात घालतंय? हे बोलणं मी चहा देताना ऐकलं होतं. मला तेव्हा त्यात आपला काही मानच आहे असं वाटलं, हे आठवून अजून माझं डोकं फिरतं.

आप्पांनी बाटल्या पेपरात गुंडाळून डिकीत ठेवल्या, कोंबडीची पिशवी पुढच्या हुकाला अडकवली, खिशातून चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "मुकादमाच्या हातात दे आन् माघारी ये. थांबू नगं कुठं." आई मागं गोठ्यात होती. तिला कोणी काही सांगितलं नाही.

हायवेला नाकाबंदी होती आणि तिथं बाईपोलीस उभी होती. ओट्यावरच्या चर्चेत हा मुद्दा निघाला नव्हता. तिनं हात केला, मी थांबले. लायसन्स? नाही. वय? मी खरं सांगितलं. ती चिडली नाही, उलट चुकचुकली. मग म्हणाली, "सीट उचल बाळा." मी उचललं. पेपर तिनंच उलगडला. मग तिनं माझ्याकडं बघितलं, पुन्हा बाटल्यांकडं, पुन्हा माझ्या दोन वेण्यांकडं.

"कोणाच्या आहेत?"

मला वाटलं, मुकादमाच्या म्हणावं, पण त्याला तर अजून पोचल्या नव्हत्या. आप्पांच्या म्हणावं, तर ते पीत नाहीत. माझ्या तर नव्हत्याच. खरंच, त्या कोणाच्या होत्या? मी म्हणाले, "माहीत नाही." तिनं मान हलवली. माझ्या तोंडात ते फुंकायचं यंत्र धरलं, त्यात काहीच दाखवलं नाही, आणि तिथं कडेला उभे असलेले दोनतीन ओळखीचे लोक ते फुंकणं बघून गेले. यंत्रात काय आलं ते बघायला ते थांबले नाहीत. संध्याकाळच्या आत गावात झालं, की अमक्याची पोरगी पिऊन गाडी चालवत होती.

पोलीस स्टेशनात मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. कोंबडीची पिशवी टेबलाखाली होती, तिला मुंग्या लागल्या. आप्पा आले. मला इतकं हायसं वाटलं, की मी उठून उभीच राहिले. आता ते सांगतील आणि सुटलं सगळं, असं मला वाटलं. आप्पा घामानं निथळत होते. साहेबांनी विचारायच्या आधीच ते हात जोडून बोलायला लागले.

"साहेब, पोरीनं न इचारता गाडी न्हेली. आमाला कायबी म्हाईत न्हाई."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. मला राग आला नाही. राग पुढं कधीतरी आला. त्या वेळी मला क्षणभर खरंच वाटलं, की मी न विचारता नेली की काय? मी मनातल्या मनात परत मागं गेले, घर, अंगण, माझ्या हातावर ठेवलेली चावी. चावी गरम होती, त्यांच्या खिशातली. ते आठवलं तेव्हा जिवात जीव आला, आणि लगेच गेला. कारण मग ते खोटं का बोलले, हे उरलंच.

लहान म्हणून मला आप्पांच्या ताब्यात दिलं. वाटेत आप्पा एवढंच म्हणाले, "घाबरू नगं. तू ल्हान हायस, तुला काय व्हत न्हाई." म्हणजे मोठ्यांना काहीतरी होतं, असा त्याचा अर्थ मी लावला. घरी आईनं विचारलं, "कुनाच्या बाटल्या?" ती आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग चुलीकडं वळली.

टोळी मात्र ठरल्या दिवशी आली. कोंबडी नाही, बाटली नाही, तरी आली आणि ऊस तोडायला लागली. मी पाण्याचा हंडा घेऊन फडात गेले, तर मोळी बांधणारी एक बाई मला बघून हसली. "तूच का गं ती बाटल्यावाली?" मला रडूच यायचं बाकी होतं. तर ती म्हणाली, "लई ब्येस झालं तुला धरलं ते. परवा रातीला आमच्या कोपीत समदी येळेवर निजली. न्हाईतर पेऊन आला की आमचंच मानूस आमालाच बडवतंय." तिनं हंड्यातलं पाणी ओंजळीनं प्यायलं आणि कामाला लागली. त्या सगळ्या प्रकरणात माझं अभिनंदन करणारी ती एकटीच. मला कळेना, हसावं का लाज वाटून घ्यावी.

आता आप्पांनी ठरवलं, की केस मिटेपर्यंत कॉलेज बंद. आत्या म्हणाली केस मिटायची कशाला वाट बघता, स्थळ बघा. मला आईच्या माहेरी, निमोण्याला पाठवून दिलं. तिथं आईचे चुलतभाऊ होते, शिरूरच्या कोर्टात वकिली करणारे. त्यांना मी वकीलमामा म्हणते. ते रोज संध्याकाळी शिरूरहून येताना भेळ आणायचे आणि भेळ खाता खाता मला शिकवायचे.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं आणि मी आणखीच गोंधळले. माझा विषय पुण्याला, बाल न्याय मंडळापुढं. तिथं मला आरोपी म्हणणार नाहीत, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतील. मी म्हटलं, मी तर कोणाशी संघर्ष केला नाही. मामा म्हणाले, "तसं म्हणायचं असतं." आणि आरोपी कोण? गाडी लहान मुलाच्या हातात गेली की गाडीचा मालक धरतात. म्हणजे आई. तिची केस दौंडच्या कोर्टात.

"आई?" मी म्हटलं. "तिचा काय संबंध?"

"गाडी कुणाच्या नावावर हाय?"

"पण मामा, तिनं तर..."

"म्हनूनच सांगतो. तू न विचारता नेलीस, तिला माहीत नव्हतं, एवढं सिद्ध झालं की ती सुटली. तुला समज देऊन सोडतील. तुझं कॉलेज सुरू. तुझ्या बापानं घाईत का होईना, वाक्य एकदम बरोबर टाकलंय."

मामांना त्या वाक्याचं फार कौतुक होतं. ते मला परत परत म्हणायला लावायचे: मी आईला न विचारता गाडी घेतली. मी म्हणायचे. गंमत म्हणजे ह्यात खोटं काहीच नव्हतं. आईला मी विचारलं नव्हतंच. आईला कोणीच विचारलं नव्हतं. वाक्य खरं होतं आणि गोष्ट खोटी होती, आणि हे दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं, ह्यावर मी निमोण्याच्या अंगणात बाजेवर पडून विचार करायचे. मामांना विचारलं, की आप्पांनी चावी दिली असं सांगितलं तर? मामांनी भेळेचा कागद घडी घातला. "तर त्याच्यावर बी येतं. वर दारूचं. वाईट शिक्षा हाय पोरी. तुला बापाला आत घालायचंय का?"

नाही, तसं मला नव्हतं घालायचं. मला फक्त त्यांनी म्हणायला हवं होतं. कोर्टात नाही तर नाही, मला एकटीला, घरी, कोणी नसताना, की मीच पाठवलं होतं तुला. एवढं म्हणाले असते तर मी दहा कोर्टात खोटं बोलले असते.

मंडळापुढं जायच्या आधीच्या रविवारी मी भांडगावला आले आणि आम्ही तिघं विहारात गेलो. पंचशील सुरू झालं. आप्पांच्या मागून सगळे म्हणत होते. चार शीलं झाली. पाचव्याला आप्पांचा आवाज आलाच नाही. सगळे क्षणभर अडखळले, मग दुसऱ्या कोणीतरी धरलं आणि पुढं नेलं. मी शेजारून बघितलं, त्यांचे हात जोडलेलेच होते, ओठ मिटलेले. बाहेर आल्यावर ते म्हणाले, घसा बसलाय. मला वाटलं, हेच ते म्हणणं असेल का? की घसाच बसला होता? मी तेव्हापासून अजून ठरवू शकले नाही.

मंडळ म्हणजे मला कोर्टासारखं काहीतरी वाटलं होतं. ती एक साधी खोली होती. टेबलामागं तिघं, त्यात दोन बायका. एका कोपऱ्यात खेळण्यातला प्लास्टिकचा घोडा. आईआप्पा माझ्या मागं खुर्च्यांवर. मधल्या मॅडमनी नाव, कॉलेज विचारलं, परीक्षेत किती मार्क पडले ते विचारलं, आणि मग काय झालं ते सांग म्हणाल्या.

"मी आईला न विचारता गाडी घेतली."

"बरं. आणि त्या बाटल्या?"

ह्याचंही उत्तर मामांनी दिलं होतं. डिकीत काय आहे ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं. दुसऱ्या मॅडम आतापर्यंत गप्प होत्या, त्यांनी चष्मा काढला. "आईला विचारलं नाहीस. मग कोणाला विचारलंस?"

ह्या प्रश्नाची तयारी मामांनी करून घेतली नव्हती. मी मागं वळून बघितलं. तसं बघायचं नव्हतं, पण मान आपोआप वळली. आप्पा छतावरच्या पंख्याकडं बघत होते. पंखा बंद होता. आई माझ्याकडं बघत होती, आणि मी कुठं बघते तेही बघत होती. मला तेव्हा कळलं, की हिला काहीतरी समजायला लागलंय.

"कोणालाच नाही," मी म्हटलं.

मॅडमनी काही लिहिलं. मला समज दिली, समुपदेशनाला यायला सांगितलं, आणि पंचवीस पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही हे दोनदा सांगितलं. परत येताना हायवेला आप्पांनी उसाचा रस पाजला. आईनं घेतला नाही.

त्यानंतर दौंड. ते मात्र खरंखुरं कोर्ट. आवारात काळे कोट, चहावाला, झाडाखाली टायपिंगवाले. आईनं ठेवणीतली निळी साडी नेसली होती, जशी लग्नाला नेसते. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती जागची हललीच नाही, कारण सबंध नाव घेऊन तिला कोणी हाक मारत नाही. वकीलमामांनी तिला हातानं धरून उभं केलं. आरोपीच्या जागी माझी आई. मी मागं, आप्पांच्या शेजारी बसले होते. मला वाटत होतं, की उठावं आणि ओरडून सांगावं, आणि काय सांगावं ते कळत नव्हतं, कारण मी तर मंडळापुढं सांगून बसले होते.

मामांनी आईलाही वाक्य दिलं होतं: मला माहीत नव्हतं. एवढंच म्हणायचं, पुढं बोलायचं नाही. न्यायाधीश साहेब तरुण होते, त्यांना सर्दी झाली होती.

"गाडी तुमच्या नावावर आहे?"

"तसं म्हनत्यात," आई म्हणाली.

मागं कोणीतरी हसलं. साहेबांनी वर बघितलं. "मुलीनं गाडी नेली हे तुम्हाला माहीत होतं?"

"न्हाई साहेब." मामा खूश होऊन पुढं काही बोलणार तेवढ्यात आई म्हणाली, "मला कोन सांगतंय? गाडी आनली तवा बी इचारलं न्हाई. सही कर म्हनले, म्या केली. आता गुन्हा बी माझ्याच नावावर झालाय, त्येबी हितं आल्यावर कळलं."

"ताई, विचारलं तेवढंच," मामा हळूच म्हणाले.

"थांबा," साहेब म्हणाले. त्यांनी नाक पुसलं. "चावी घरात कुठं असते?"

"ह्यांच्या खिशात."

आईनं ते अगदी साधेपणानं सांगितलं, पीठ डब्यात असतं तसं. आणि तिनं मागं वळून बघितलं नाही. पण साहेबांनी बघितलं, मामांनी बघितलं, मी बघितलं. आप्पांचा उजवा हात वर गेला होता आणि शर्टाच्या खिशावर घट्ट बसला होता. गाडी जप्त होऊन किती दिवस झाले होते, पण दुसरी चावी ते अजून तिथंच बाळगत होते. त्यांना स्वतःला ते कळलं तेव्हा त्यांनी हात खाली घेतला. मग तो कुठं ठेवावा ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी तो माझ्या डोक्यावर ठेवला, आणि लगेच काढून घेतला.

"तुम्ही मुलीचे वडील?" साहेबांनी विचारलं.

आप्पा उभे राहिले. मग म्हणाले, "व्हय साहेब. चावी म्याच दिलती."

पुढं कागदोपत्री काय काय झालं ते मामांनाच माहीत. तारखा पडल्या, आईऐवजी आप्पांचं नाव त्यात गेलं, दंड झाला, गाडीची नोंदणी वर्षभर बंद. मला धास्ती होती, की आता माझं खोटं बाहेर पडलं, मंडळ मला परत बोलावणार. मामा म्हणाले, "मंडळाचं मंडळापाशी, कोर्टाचं कोर्टापाशी. तू अभ्यास कर." हे बरोबर होतं की नुसतं मला गप्प करायला म्हटलं होतं, मला माहीत नाही. मी कॉलेजला जायला लागले, एसटीनं. आत्या स्थळाचं बोलली तेव्हा आईनं तिला चहा दिला आणि म्हणाली, "तिचं बघू मागनं. आधी माझं बघू. मला गाडी शिकायचीय."

आम्हाला वाटलं ती चेष्टा करतेय. पण गाडी घरी आली आणि गोठ्याच्या कडेला प्लास्टिकखाली उभी राहिली, तेव्हा आईनं आप्पांपुढं हात केला. मी हात करायचे तसाच. आप्पांनी खिशातून चावी काढून दिली. ती त्या खिशात परत गेली नाही. आई ती कमरेला चंचीत बांधते. आप्पांच्या खिशात आता नुसता कंगवा असतो.

सरीतून, बांधावरून, आमच्याच वावरात मी आईला शिकवलं. मागं बसून ओरडायचे, ब्रेक दाब, ब्रेक! आई एकदा कडब्याच्या गंजीत घुसली आणि आम्ही दोघी हसून हसून उठू शकलो नाही. चाळिशी पार केलेल्या आईनं बारामतीला जाऊन परीक्षा दिली आणि लायसन्स काढलं. नोंदणी परत सुरू झाली तसं ती मला कॉलेजला सोडायला लागली. माझ्या कॉलेजात आईच्या मागं बसून येणारी मी एकटीच होते. पोरी हसायच्या, आणि मी मान वर करून उतरायचे.

त्या हंगामात ऊस पुन्हा तोडणीला आला. मुकादम नवा होता, टोळीही नवी. रीत जुनीच. आप्पांनी सकाळी पिशवी आणून ओट्यावर ठेवली. आत काय आहे ते पेपरावरूनच दिसत होतं. मी अभ्यास करत होते, माझं बोट पानावर थांबलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते आईसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुढं केला.

"चावी दे. वाईच जाऊन येतो."

आई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "गाडी माझ्या नावावर हाय," ती म्हणाली. "त्यात असलं जानार न्हाई. न्ह्यायचंच आसल तर चालत जावा, पाटाच्या कडंनं. समद्यांला दिसू दे कोन न्हेतंय त्ये."

आप्पांनी पुढं केलेला हात मागं घेतला. मग त्यांनी ओट्यावरची पिशवी उचलली आणि ते खरंच चालत निघाले, भर दिवसा, पाटाच्या कडेनं, एका हातात पिशवी आणि दुसरा चावी नसलेल्या खिशावर. मी ओट्यावरून बघत होते. मला त्यांची दयाही येत होती आणि बरंही वाटत होतं. गोठ्यापर्यंत गेल्यावर ते थांबले. वळले. पिशवी त्यांनी तिथंच गोठ्याच्या भिंतीशी ठेवली, आणि मोकळ्या हातानं टोळीकडं चालायला लागले.

"आई," मी म्हटलं, "आप्पा पिशवी ठेवून गेले."

"दिसलं मला," आई म्हणाली, आणि तिनं भाकरी उलटली.